चिमामावशीचं आवतण

आमच्या भिसेगावच्या फुटबॉल संघात गोलात उभा राहायचा कमळ्या. त्याची आई चिमामावशी, नवरा गेल्यापासून दुसऱ्यांच्या शेतांवर राबणारी बाई. रेल्वेच्या आवारामागच्या माळावर आम्ही पोरं अनवाणी खेळायचो आणि सोललेल्या नडग्या घेऊन थेट तिच्या ओट्यावर जायचो. हळद-तेल चोळता चोळता ती शिव्यांची लाखोली वाहायची. "त्या चामड्याच्या भोपळ्यापायी मरा एकदाचे!" आणि मग भाकरी वाढायची. खरं सांगतो, मला सख्ख्या आईच्या लाडापेक्षा तिच्या शिव्या गोड लागायच्या.

दरवर्षी भात झोडून झालं की नदीकाठी संघातल्या सगळ्यांच्या घरच्यांचं जेवण असायचं. त्याची एक खुळी रीत आम्हीच पाडली होती. आदल्या दिवशी प्रत्येक खेळाडूनं सुपारी घेऊन आपल्याच घरी जायचं आणि आपल्याच आईला परक्या पाहुणीसारखं आवतण द्यायचं. कमळ्या टोपी काढून, कमरेत वाकून म्हणायचा, "चिमाबाई, आपण अगत्य यावं." मावशी पदर तोंडात कोंबून हसायची.

चौतीसच्या शिमग्यानंतर कमळ्या मुंबईला गेला आणि बोटीवर खलाशी लागला. एडनहून त्याचं एक पत्र आलं, ते मीच तिला वाचून दाखवलं. दुसरं काही आलं नाही.

त्या साली भात झोडून झाल्यावर, जेवणाच्या आदल्या दिवशी आम्ही दहाजण आपापल्या घरी सुपारी देऊन मोकळे झालो. मावशीला कोण देणार, हे एकाच्याही टाळक्यात शिरलं नाही. दुसऱ्या दिवशी नदीकाठी पानं मांडताना माझ्या आईनं विचारलं, "चिमा कुटं हाय रं?" मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. आईच्याच कनवटीची सुपारी काढून घेतली आणि धूम ठोकली.

मावशी ओट्यावर बसली होती. अंगावर धुवट लुगडं, शेजारी फडक्यात बांधलेल्या तांदळाच्या भाकऱ्या. मी कमरेत वाकून सुपारी पुढं केली. तिनं हात मागं घेतला.

"तुजं आवतन तुज्या आयसला दे, गजा."

"चुकलं आमचं, मावशी. चल ना गं."

"तू बोलावलंस तं मी तुजी पावनी. मंग कमळ्याचं घर संघातनं गेलंच ना? माजं आवतन त्यो देईल. तवर मी हाय हितंच."

मला संताप आला. तिचा नव्हे, त्या दगडाच्या काळजाच्या कमळ्याचा. "मग एवढ्या भाकऱ्या कुणासाठी थापल्यास?" मी ओरडलोच.

"बोटीवरनं त्यो सरळ नदीवर आला तं? उपाशी बसंल व्हय?" तिनं फडकं माझ्या हातात दिलं. "त्याच्या पानावर वाड."

आम्ही खेळाडूंच्या पंगतीत कमळ्याचं अकरावं पान मांडलं, त्यावर भाकऱ्या वाढल्या. एरवी आम्ही पंगतीत नुसता धिंगाणा घालायचो, त्या दिवशी सगळे खाली मान घालून जेवले. कमळ्याची अशी आठवण मला आधी कधी आली नव्हती.

पंगत उठल्यावर मी पुन्हा तिच्याकडे गेलो. ती तिथंच बसून होती.

"आला व्हता?" तिनं विचारलं.

मी पुष्कळदा सहज खोटं बोलायचो, पण तेव्हा जमलं नाही. मी मानेनंच नाही म्हटलं.

"त्याचं पान उचललंत?"

"नाय, मावशी. कुणाचा हातच होईना."

"बरं केलंत," ती म्हणाली. "नका उचलू."