बाराव्या खणातले शून्य

पोस्टकार्डाचा कोपरा फाडलेला होता, त्यामुळे वाचण्याआधीच कळले, कोणीतरी गेले. पुंडलिक गेला होता. शेंदूरजनाघाटच्या शाळेत गणित शिकवणारा माझा मित्र, माझ्याच वयाचा... दीड महिना झाला त्याला. त्याच्या हुशारीबद्दल, सरळपणाबद्दल कोणीही लिहील. मला लिहायचे आहे ते मी त्याच्याशी कसा वागलो, ते. बारा वर्षे हे मी कोणाला सांगितलेले नाही.

विदर्भ तेव्हा नुकताच मुंबई राज्यात गेला होता. अमरावतीच्या एका कॉलेजात आम्ही दोघे गणित शिकवत होतो. मी वकिलाचा मुलगा, तो संत्र्याच्या बागेतून आलेला. मुंबईची एक संशोधन संस्था गणकयंत्राच्या शिक्षणासाठी आमच्या दोघांतून एकाला नेणार होती, आणि आमची पारख करायला त्यांचे पाहुणे अकोल्याला येणार होते. यंत्र आम्ही कोणीच पाहिले नव्हते. पुंडलिकने कुठूनशी एक इंग्रजी पुस्तिका मिळवली, चार दिवस तिच्यात डोके घातले आणि म्हणाला, "आपुन माणसाईचंच यंत्र करू." स्वतःच्या प्रयोगात त्याने मला, आपल्या प्रतिस्पर्ध्याला, बरोबरीने घेतले. माझ्या मनातही हे आले नसते.

बडनेरा स्टेशनातून मोडीत निघालेले तिकिटांचे खणाखणांचे कपाट त्याने आणले. प्रत्येक खणाला क्रमांक, प्रत्येकात एक चिठ्ठी. काहींवर हुकूम, काहींवर नुसता आकडा. मी पुढच्या खणाचा क्रमांक लिहिलेली पाटी धरायची. पुंडलिकने थाळीवर टोला दिला की एका विद्यार्थ्याने त्या खणातली चिठ्ठी आणून वाचायची, दुसऱ्याने फळ्यावर ते गणित करायचे, आणि मी पाटीवरचा क्रमांक एकाने वाढवायचा. पुन्हा टोला. आणा, समजून घ्या, करा. यंत्राच्या मध्यभागी एवढेच चालते, फक्त क्षणात हजारो वेळा. मी एकदा म्हणालो, "म्हणजे हा यंत्राचा मेंदू." तो उसळला. "मेंदू नोको म्हणू, बे! त्याले काईच समजत नाही. हातातली चिठ्ठी खरी, बस."

गणित साधे होते, सात चोक. बेरजेत सात मिळव. चार फेऱ्यांतून बाराव्या खणातला आकडा, म्हणजे एक, वजा कर. फेऱ्या उरल्या असतील तर पहिल्या खणाकडे परत जा, नसतील तर थांब. अकोल्याच्या हॉलमध्ये, पाहुणे येण्याआधी, पुंडलिकने सगळ्या चिठ्ठ्या स्वतः लावल्या, हात झटकले आणि चहा सांगायला बाहेर गेला. हॉलमध्ये मी एकटाच होतो. बाराव्या खणातली एकाची चिठ्ठी मी खिशात घातली आणि तिथे शून्याची ठेवली. मग पाटी घेऊन माझ्या जागी उभा राहिलो.

सात. चौदा. एकवीस. अठ्ठावीस... पाहुण्यांनी माना डोलावल्या. टोला पडला. पस्तीस. पुंडलिकने फळ्याकडे पाहिले. फेऱ्या चारच्या चारच. बेचाळीस. मागच्या रांगेतून कोणीतरी म्हणाले, "सर, तुमच्या यंत्राले घरी जाचं नाई काय?" हॉल हसला. थांबण्याचा हुकूम आल्याशिवाय यंत्र थांबत नाही, हे त्यानेच आधी बजावून सांगितले होते, म्हणून तो टोले देत राहिला. कपाळावरून घाम ओघळत होता. आणि मी पाटी बदलत राहिलो. एक शब्द बोललो असतो तर... एक्क्याण्णववर पाहुणे उठले.

परतीच्या गाडीत तो एवढेच म्हणाला, "माह्याच हातानं शून्य गेलं असन, लेका." मी म्हणालो, "होतं कधी कधी."

मुंबईला मी गेलो. त्याने वर्षभरात कॉलेज सोडले आणि गावच्या शाळेत लागला. पत्रे येत, मी उत्तरे लिही, थोडक्यात.

गेल्या आठवड्यात शेंदूरजनाघाटला गेलो. पुंडलिकच्या पत्नी कमलवहिनी मला शाळा दाखवायला निघाल्या. दाराला कुलूप लावून त्यांनी ते ओढून पाहिले, दोन पावले गेल्या, परत येऊन पुन्हा ओढले. माझे लक्ष गेलेले पाहून म्हणाल्या, "त्याईची सवय लागली मले. अकोल्याले कायतरी चूक झाली होती म्हनत. तवापासून सारं दोनदा. दिवा, कुलूप, पोराईचे पेपर... सारंच."

मी दारातच सगळे सांगितले. त्यांनी किल्ली कमरेला खोचली. मग म्हणाल्या, "मले काऊन सांगून राहिले? मानूस होता तवा सांगाचं होतं." आणि थोड्या वेळाने, "चला. त्याईच्या पोराईले सांगा."

त्याच्या वर्गात तसेच कपाट होते, सुताराकडून करून घेतलेले. दर शनिवारी मुले यंत्र व्हायची, पण त्याआधी प्रत्येक खण दोघांनी मोठ्याने वाचायचा, असा सरांचा नियम. मी उभ्यानेच सांगितले, काही न वगळता. शेवटी पहिल्या बाकावरची मुलगी उठली. "म्हणजे आमच्या सरांची चूक नव्हती?"

"नव्हती."

"मग आता दोनदा नाही वाचाचं काय?"

"वाचा," मी म्हणालो. "चिठ्ठ्या लावणारा पुंडलिकसरांसारखा असला, तरी त्याच्याशेजारी कोण उभं आहे, ते सांगता येत नाही."