चौकातले चार ठिपके

बुलढाण्यातले सिग्नलचे चौक मी यादी करून खुल्या नकाशावर चढवत होते. हा नकाशा कोणालाही दुरुस्त करता येतो. एका चौकात चार खांब दिसले, म्हणून मी चारही बाजूंना सिग्नलचे ठिपके दिले. नकाशाचंच काम करणाऱ्या एकाने कळवलं, "लहान चौकाला मधोमध एकच ठिपका द्या. नाहीतर सरळ जाणाऱ्याला दोन सिग्नल मोजले जातात आणि वाट दाखवणारं अ‍ॅप त्याला आडरस्त्याने नेतं." मी ते वहीत 'दुरुस्त्या' खाली लिहिलं आणि पुढचा चौक घेतला. लिहिलं की माझ्या मनातून काम संपतं.

त्याच हंगामात बीटी कपाशीवर गुलाबी बोंडअळी आली. मी देऊळघाटला धाकट्या भावाकडे गेले होते. दुपारी तो फवारणी करताना धुऱ्यावर, शेताच्या बांधावर, येऊन बसला. तोंडातून लाळ गळत होती, डोळ्यांच्या बाहुल्या टाचणीच्या टोकाएवढ्या. शेजाऱ्याने लगेच गाडी काढली. त्याला बुलढाण्यातला दवाखाना माहीत नव्हता. त्याच्या मोबाइलवर याच नकाशावर चालणारं अ‍ॅप मीच टाकून दिलं होतं. भावजय पुढे बसली, मी मागे भावाचं डोकं मांडीवर धरून बसले.

गाडी थांबली तेव्हा मान वर केली. समोर भाजीबाजार.

"इकडं काऊन घातली गाडी?"

"मोबाइल सांगून राह्यला ना, बाई! चौकातून उशीर होते म्हणते."

माझ्या चार ठिपक्यांच्या चौकातून दवाखाना दोन मिनिटांवर होता. मागे ऑटो येऊन अडकला होता. भावाचा श्वास घरघरत होता. भावजय खाली उतरून ओरडली, "फवारा लागला हो! वाट द्या!"

"उचला बे पाल!" एक कांदेवाले चाचा गरजले. दुकानांवरची कापडी पालं उठली, टोपल्या सरकल्या. आम्ही वांग्यांवरून गाडी नेली.

डॉक्टर म्हणाले, "आधीच उशीर झालाय." मग दार लागलं.

मी भावजयीला सगळं सांगितलं. चार ठिपके, आलेली सूचना, वहीतली ओळ.

"तुमाले माहीत होतं?"

"हो."

ती माझ्यापासून उठून पलीकडच्या बाकावर बसली.

सकाळी भावाने डोळे उघडले. पहिलं विचारलं, "पंप धुऱ्यावरच राह्यला काय?"

"पंपाले आग लागो," भावजय म्हणाली आणि रडायला लागली. चहा आला तेव्हा तिने दोनच कप घेतले, एक स्वतःला, एक शेजाऱ्याला. मी मोबाइल काढला आणि तीन ठिपके पुसून चौथा मधोमध सरकवला. त्याला तीन मिनिटंही लागली नाहीत.