व्हिएन्ना, बायकोच्या फाईलप्रमाणे

हा ब्लॉग मृणालचा आहे आणि तुम्हाला तिचं लिखाण वाचायची सवय आहे. या वेळी नाइलाजाने मी लिहितोय. मी तिचा नवरा. मला प्रवासाची हौस नाही, पायी हिंडायची तर मुळीच नाही, आणि तरीही ईदच्या सुट्टीत व्हिएन्नाला एकटा जाऊन आलो तो मीच.

आम्ही बावीस वर्षं शारजात राहतोय. या बावीस वर्षांतली प्रत्येक सुट्टी पुण्याला गेली. लग्नं, मुंजी, बाबांची बायपास, आईचा गुडघा, फ्लॅटचं अॅग्रीमेंट. यंदा मृणालने जाहीर केलं, की पन्नाशीच्या आत एक तरी असं गाव बघायचं, जिथे आपलं कुणीही राहत नाही. दोन महिने शाळेतल्या नोकरीवरून आली की ती या सहलीची फाईल करत बसायची. स्वस्त पडली म्हणून रिफंड नसलेली तिकिटं काढली, दुबईला जाऊन व्हिसासाठी बोटांचे ठसे दिले, पासपोर्ट तिथेच ठेवून आलो.

मंगळवारी माझा पासपोर्ट व्हिसा लागून परत आला. तिचा? ‘अर्ज प्रक्रियेत आहे.’ दोघांचे कागद एकाच खिडकीत, एकाच बाईने, एका मिनिटाच्या अंतराने घेतलेले. विमान गुरुवारी. बुधवारी ती अर्धा दिवस रजा टाकून तिथे जाऊन उभी राहिली. काउंटरवरचा म्हणाला, “टुमारो मॅडम, इन्शाल्ला.” इथे राहणाऱ्या माणसाला या इन्शाल्लाचा अर्थ समजावून सांगावा लागत नाही.

“मग मीही जात नाही,” मी म्हणालो. खरं सांगायचं तर मला जरा बरंच वाटलं होतं.

“तू जाणार आहेस,” मृणाल म्हणाली. “दोघांचं कशाला फुकट घालवायचं? तू बघ आणि मला सगळं सांग.”

“बाबा, जस्ट गो,” आमची कॉलेजातली लेक ईशा फोनमधून मान वर न करता म्हणाली. “यू नेव्हर गो एनिव्हेअर.”

गुरुवारी दुपारी मी व्हिएन्नाच्या विमानतळावर उतरलो, बगलेत निळी फाईल. पहिली सूचना: शहरात जायला दोन गाड्या आहेत. एक देखणी आणि महाग, दुसरी साधी आणि तिच्या तिसऱ्या हिश्शात नेणारी. वेळेत फरक दहा मिनिटांचा. फाईलमध्ये हे लाल शाईने लिहिलेलं होतं, तरी मी देखण्या गाडीत बसलो, कारण समोर तीच उभी होती.

शुक्रवारी शोनब्रुनचा राजवाडा. तिकीट आधी ऑनलाइन काढा, नाहीतर रांगेत उभं राहून पायाचे तुकडे पडतील. चाळीस खोल्या बघितल्या, म्हणजे चाळीस झुंबरं बघितली. तिथून घरी व्हॉट्सअॅप कॉल करायची सोय नाही, कारण तो आमच्या एमिरेट्समध्ये लागतच नाही. म्हणून दर अर्ध्या तासाने मृणालची व्हॉइस नोट. “जमीन लाकडी आहे का? करकरते का? लोक हळू बोलतात का?” अगं, मी काय पंचनामा करायला आलोय? तरी मी वाकून जमीन बघितली. लाकडी होती. करकरत होती. तसं कळवलं.

फाईलमध्ये शुक्रवारच्या पानावर एक ओळ होती: ‘४ ते ५, फोल्क्सगार्टन. गुलाबांकडचा बाक. काही करायचं नाही.’ शनिवारच्या पानावरही तीच. मला वाटलं, बाईंना सुचलं नाही म्हणून जागा भरली. इतका खर्च करून युरोपात यायचं आणि बाकावर बसायचं? शिवाय पाऊस सुरू झालेला. मी तो तास सुपरमार्केटमध्ये घालवला, कारण ऑफिसातल्या अकरा जणांनी चॉकलेटं सांगितली होती.

“बाकावर बसलास?” पाच वाजता नोट आली.

“बसलो,” मी म्हणालो.

“समोर काय होतं?”

“गुलाब. पिवळे. ऊन छान होतं.”

एवढं धडधडीत खोटं मी का बोललो, मलाच माहीत नाही. दमलो होतो आणि कटकट टळली, एवढंच.

शनिवारी ट्राममध्ये माझ्याकडे तिकीट होतं, पण ते यंत्रात घालून त्यावर शिक्का मारायचा असतो हे मला ठाऊक नव्हतं. साध्या कपड्यातल्या तपासनीस बाईने मला उतरवलं. मी म्हणालो, “मॅडम, मी पैसे भरलेत, हे बघा तिकीट.” ती म्हणाली, “हे तिकीट उद्याही वापरता येईल. म्हणूनच दंड.” तर्काला तोड नव्हती. शंभराहून जास्त युरो गेले. दिरहममध्ये सांगत नाही, रुपयांत तर नाहीच. डोकं उठलं म्हणून कॅफेत गेलो. कॉफी साडेसहा युरो, म्हणजे सत्तावीस दिरहम, म्हणजे सव्वासहाशे रुपये. सोबत चांदीच्या तबकात पाण्याचा ग्लास मात्र फुकट, आणि तासभर बसलं तरी कुणी उठवत नाही. मी सात मिनिटांत उठलो. चार ते पाच हॉटेलवर पाय वर करून झोपलो. मृणालला कळवलं, “बसलो. कालच्यासारखंच.”

रविवारी तिथे दुकानं बंद असतात, हे लक्षात ठेवा. विमान दुपारी तीनला, फाईलमधलं रविवारचं पान रिकामं, ऊन पडलेलं, आणि ती बाग हॉटेलपासून दहा मिनिटांवर. पण शारजाचा माणूस विमान असलं की ट्रॅफिकच्या धाकाने चार तास आधी निघतो. या वेळी शहाणपणाने साधी गाडी धरली. तिने पंचवीस मिनिटांत पोचवलं. सव्वातीन तास मी गेटसमोर प्लॅस्टिकच्या खुर्चीवर बसलो आणि ऑफिसच्या मेल्स बघितल्या.

मंगळवारी संध्याकाळी कुरियर आला. मृणालचा पासपोर्ट. आत व्हिसा लागलेला, चकचकीत, आदल्या रविवारपर्यंत वैध. मी त्या खात्याला ठेवणीतल्या शिव्या घातल्या. ती बराच वेळ ते पान बघत राहिली.

“फोटो बरा आलाय,” ती म्हणाली. मग, “तू बाकावर बसला नाहीस ना?”

मी कुरियरच्या पाकिटाची घडी घालायला घेतली.

“शुक्रवारी फोनवर तिथे पाऊस दाखवत होते.”

“मग विचारलं का नाहीस?”

“तू सांगत होतास ना, पिवळे गुलाब. बरं वाटत होतं ऐकायला.”

“अगं, पण त्या बाकावर होतं काय एवढं?”

“काही नाही,” ती म्हणाली. “कुणी वाट बघत नाहीये, कुणाकडे जेवायला जायचं नाहीये, कुणाला हॉस्पिटलात न्यायचं नाहीये. असा एक तास कसा असतो ते बघायचं होतं. राजवाडा मी तुझ्यासाठी घातला होता.”

तेव्हापासून माझा जीव थाऱ्यावर नाही. परत अर्ज करू म्हणालो, पण पुढची सुट्टी आईच्या मोतीबिंदूला गेली आहे, त्याच्या पुढची भाच्याच्या लग्नाला. फाईल कपाटावर आहे. मृणाल परवा वाचक मंडळींसाठी माहिती लिहून टाक म्हणाली, म्हणून हे सगळं.

तर माहिती अशी. साधी गाडी घ्या. तिकिटावर शिक्का मारा. रविवारी खरेदी ठेवू नका. आणि तुमच्यापैकी कुणी गेलात, तर फोल्क्सगार्टनमध्ये गुलाबांकडच्या बाकावर चार ते पाच बसा. फोन बंद ठेवा. समोर काय दिसतं ते खाली कॉमेंटमध्ये खरं खरं लिहा. गुलाब पिवळे नसले तरी चालेल. कॉमेंट्स तीच वाचते.