कुंडीतली नागीण

माझ्या हाताला गुण नाही, हे मला लग्नाआधीपासून ठाऊक होतं. मी लावलेली जाई वाळे, मोगरा कुजे, आणि तुळस बिचारी देवाधर्माची म्हणून चार दिवस जास्त तग धरी. तरीही जव्हार संस्थानच्या कचेरीत कारकून असताना मी एकदा घरात कुंड्या मांडल्या. हौस म्हणून नव्हे. बायको परत यावी म्हणून.

ती जव्हारातल्या पहिल्याच पावसाळ्यात माहेरी, त्र्यंबकला, निघून गेली होती. भांडण झालं नव्हतं. भांडण झालं असतं तर मिटवता तरी आलं असतं. आम्हाला मिळालेलं घर कुडाच्या भिंतींचं, अंधारं, पठाराच्या अगदी कडेला. आषाढात धुकं दारातून आत येई आणि जायचं नाव काढत नसे. पापडांना बुरशी, पंचांगाला बुरशी, कचेरीत घालायच्या माझ्या एकुलत्या एका कोटाला बुरशी. एका सकाळी तिनं देवांच्या पाटावरची बुरशी पुसली, हात धुतले आणि शांतपणे म्हणाली, "या घरात बुरशीशिवाय काही वाढत नाही. दुसरं काही वाढायला लागलं की कळवा."

पावसानं जरा उघडीप दिल्यावर मेहुणा बैलगाडी घेऊन आला. पाऊस सरला की येते, असं ती गाडीत बसताना म्हणाली. पाऊस सरला. मग थंडी सरली की येणार होती, मग शिमगा झाला की. कचेरीतली मंडळी आधी "वहिनी कधी येणार?" म्हणून विचारत, मग विचारायची बंद झाली. तेव्हा मी घाबरलो. ती येणारच नाही की काय, हा विचार मी दिवसभर दाबून ठेवी आणि जेवायला एकटा बसलो की तो समोर येऊन बसे.

मी पडलो कारकून. वरून आलेल्या हुकुमाचा शब्दशः अर्थ लावायचा, ही माझी रोजीरोटी. काहीतरी वाढायला हवं असं ती म्हणाली होती, तेव्हा मी काहीतरी वाढवायला निघालो.

आमच्या मामलेदारसाहेबांच्या ओटीवर कुंड्यांची रांग होती. ऊन नाही, वारा नाही, तरी त्यातली पानं भालदारासारखी ताठ उभी. मी विचारलं तेव्हा साहेब म्हणाले, "ही नागीण. कोणी मूर्वा म्हणतात. जुन्या काळी हिच्या वाखाची धनुष्याची दोरी वळत. हिला मारायचं म्हटलं तरी मरत नाही." हे शेवटचं वाक्य ऐकून मी तिथंच ठरवलं की माझ्या योग्यतेचं झाड हेच.

त्यांच्याकडे तीन जाती होत्या. एक साधी, करड्या हिरव्या पानावर गडद आडवे पट्टे असलेली. दुसरी गोल, छडीसारखी. तिच्याकडे पाहिलं की मला आमचे पंतोजी आठवले. तिसरी मुंबईहून आणलेली, पानांना पिवळी धमक किनार. जरीकाठी लुगडं नेसल्यासारखी दिसे ती. मी तिसरी मागितली. बायको उंबऱ्यात उभी आहे, खिडकीत जरीकाठी झाड पाहते आहे आणि तिचा चेहरा उजळतो आहे, इथपर्यंत माझा विचार पोचला होता.

साहेबांनी मोठ्या मुश्किलीनं एक पान कापून दिलं. त्याचे तुकडे करून मातीत खोचायचे, म्हणाले. मी तुकडे केले आणि खोचले. निम्मे कुजले, कारण मी ते उलटे खोचले होते; पानालाही डोकं आणि पाय असतात हे मला कुणी सांगितलं नव्हतं. उरलेल्यांना कोंब फुटायला महिने लागले. फुटले ते हिरवे. मी वाट पाहिली. किनार येईल, मोठेपणी येईल, मुलांना मिशा येतात तशी. आलीच नाही. साहेबांनी मला फसवून भलतंच पान दिलं असा माझा समज झाला आणि मी आठवडाभर त्यांना रामराम घातला नाही. शेवटी त्यांनीच बोलावून सांगितलं, की पिवळ्या किनारीचं पान लावलं तर साधंच झाड येतं, किनार हवी तर मुळासकट फुटवा काढावा लागतो. "मग आधी का नाही सांगितलंत?" मी विचारलं. "तुम्ही विचारलंत कुठं? तुम्ही नुसतं मागितलंत," ते म्हणाले.

पण त्यांना दया आली असावी. त्यांनी तिन्ही जातींचे मुळासकट फुटवे दिले. मी आनंदानं रोज पाणी घातलं, दिवसातून दोनदा घातलं, आणि पंधरवड्यात छडीवाली बुडापासून सडून आडवी झाली. तिचा वास घरभर सुटला. मागोमाग जरीकाठी गेली, पानाचे हिरवे कोंबही गेले. मारायचं म्हटलं तरी जे मरत नाही ते मी प्रेमानं मारून दाखवलं. पट्टेवाली तेवढी वाचली, तीही एवढ्यासाठी की ती एका फुटक्या घमेल्यात, माझ्या नजरेआड, माळ्याच्या शिडीखाली राहिली होती. सापडली तेव्हा तिला नवीन कोंब आलेला होता. त्यानंतर मी शहाणा झालो. घमेलं खिडकीत ठेवलं, पाण्याचा तांब्या उंच फळीवर ठेवला आणि स्वतःच्या हातांना धाक घातला.

ती वाढायला लागली. घमेल्याच्या काठाला धरून मातीखालून तिचं मूळ सरके आणि थोड्या थोड्या अंतरावर नवं पान वर काढी. दोन बाजूंनी दोन मुळं निघाली होती. एक उजवीकडून, एक डावीकडून, पानांचा वेढा घालत ती एकमेकींच्या दिशेनं चालली होती. वर्ष होत आलं तेव्हा वेढा पुरा व्हायला थोडंच राहिलं होतं. तो पुरा झाला की त्र्यंबकला निरोप धाडायचा, असा माझा बेत होता.

अशाच एका सकाळी मी कचेरीत फार खुशीत होतो. आमचा पट्टेवाला दौतीत शाई भरत होता. जवळच्या दाभोसा गावचा माणूस, वयानं मोठा, माझ्यावर जीव असलेला. त्याला मी म्हणालो, "आमच्या घरची नागीण जोरात आहे. बघता बघता वेढा घातला तिनं. दोन्ही टोकं मिळायला आता बोटभर अंतर राहिलंय."

त्याच्या हातून शाई सांडली.

आता नागीण म्हणजे कमरेला नाहीतर पाठीला उठणारं ते फोडांचं दुखणं, आणि तिची दोन्ही टोकं मिळाली की माणूस दगावतो, ही समजूत मला काय ठाऊक नव्हती? माझ्या लहानपणी शेजारच्या काकूंना झाली होती तेव्हा सगळी आळी टोकांवर डोळा ठेवून होती. पण माणूस स्वतःच्या कौतुकात बुडाला की त्याला स्वतःचंच बोलणं ऐकू येत नाही.

"कवापासून हाय, भाऊसाहेब?" त्यानं आवाज खाली आणून विचारलं.

"वर्ष होत आलं."

"आनि तरी तुमी कामाला येता?"

"न येऊन काय करू? ती काय मला धरून ठेवते?"

"जळजळ व्हते का?"

"मला कशाला होईल? मामलेदारसाहेबांची होत असेल."

तो दचकला. "त्यांना पन हाय?"

"त्यांच्याकडे तर तीन प्रकारच्या आहेत," मी म्हणालो. दिवसभर तो माझ्याकडे आणि साहेबांच्या खोलीच्या दाराकडे आळीपाळीनं बघत राहिला.

संध्याकाळी तो एका म्हाताऱ्या भगताला घेऊन माझ्या दारात आला. नागीण उतरवण्यात या भगताचा हात धरणारा मोखाड्यापर्यंत कुणी नाही, असं लोक म्हणत. मला वाटलं, झाडाची कीर्ती पसरली. भगत म्हणाला, "दावा कुठं हाय ती." मी त्याला खिडकीपाशी नेलं आणि घमेलं दाखवलं. त्यानं घमेल्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे पाहिलं.

"अंगावर कुठं हाय?"

"अंगावर कशाला? ही इथं काढून ठेवली आहे."

"कोनी काढली?"

"मी. मुळासकट आणली आणि पुरली मातीत."

भगतानं माझ्या डोक्यावरून तांदूळ ओवाळले, घमेल्याला लांबूनच हात जोडले आणि तो निघाला. मी भारावून गेलो. बाहेर गेल्यावर तो पट्टेवाल्याला म्हणाला, "अंगावरची डोक्यात गेली. घरच्यांला बलवा." हे मला अर्थातच मागाहून कळलं.

दुसऱ्या दिवशी भाताची एक गाडी त्र्यंबककडे निघाली होती, तिच्यावर पट्टेवाल्यानं निरोप घातला. जव्हारातून निघताना निरोप एवढाच होता, की भाऊसाहेबांना नागीण झाली आहे. मोखाड्यात गाडी मुक्कामाला थांबली तिथं टोकं मिळाली. घाट चढेपर्यंत माझी वाचा गेली. त्र्यंबकला निरोप पोचला तेव्हा मी शेवटच्या घटका मोजत होतो आणि मधूनमधून हसत होतो.

चार-पाच दिवसांनी एका दुपारी मी ओल्या फडक्यानं पानं पुसत होतो. दारात गाडी वाजली आणि बायको उंबऱ्यात उभी राहिली. मागे मेहुणा. ती वाळली होती, चेहरा धुळीनं माखला होता. "कुठं आहे?" एवढंच तिनं विचारलं.

मी इतके दिवस ज्या क्षणाची वाट पाहिली तो हाच, असं मला वाटलं. घमेल्याकडे हात करून मी म्हणालो, "ही काय. बघ, बुरशीशिवायही काही वाढतं इथं."

ती पुढं आली, माझा सदरा वर केला, मला गोल फिरवलं, पाठ पाहिली, कंबर पाहिली. मग मटकन खाली बसली आणि रडली. तिच्या ओच्यात दूर्वा होत्या. तांदळाबरोबर वाटून लेप द्यायला आणलेल्या. काय घोटाळा झाला ते माझ्या हळूहळू ध्यानात येत गेलं, आणि सांगता सांगता मला इतकी शरम वाटली की मी पुन्हा पानं पुसायला घेतली.

मेहुणा तापट. "बैल सोडलेले नाहीत. चल," तो तिला म्हणाला. जिवंत निघाल्याबद्दल मी त्या दोघांची माफी मागावी की काय, असं मला खरंच वाटून गेलं. पण ती डोळे पुसून उठली आणि भावाला म्हणाली, "आधी ट्रंका उतरव."

ट्रंक एक नव्हती, दोन होत्या. शिवाय वळकटी, तांब्याचा हंडा, पाटा आणि वरवंटा. मरणाऱ्या माणसाला भेटायला कुणी पाटा-वरवंटा घेऊन येत नाही, एवढं माझ्यासारख्यालाही कळत होतं. मेहुणा बैलांना पाणी दाखवायला गेला तेव्हा मी विचारलं, "एवढं सामान?"

"राहायला आले आहे," ती म्हणाली. "तुम्ही गेला असतात तरी परत जाणार नव्हते."

मी काहीतरी हळवं बोलणार होतो. पण तिचं सांगून व्हायचं होतं.

"तिकडे दहावा व्हायच्या आत माझे केस उतरवायला न्हाव्याला बोलावणं गेलं असतं. थोरल्या काकूंचं झालं तेव्हा मी त्याच घरात होते. इथं आपल्याकडे लाकडं आणते ती मोळीवाली आहे ना, तिचा नवरा गेला तरी केस आहेत तिचे. कुणी काही म्हणत नाही. सगळी वाट मी तोच विचार करत आले. म्हटलं, जे व्हायचं ते इथंच होऊ दे."

ती केस सोडून वाटेतली धूळ झटकत होती. चांगले कमरेपर्यंत होते. मी मेलो तर त्या केसांचं काय होईल, हे लग्नाला इतकी वर्षं होऊन मला एकदाही सुचलं नव्हतं. तिला गाडीत बसल्याबरोबर सुचलं होतं.

तिनं अंबाडा घातला, पदर खोचला आणि चुलीवर कुठल्या बाजूनं गळतं ते पाहायला आत गेली. मी जिवंत निघालो, ही तिच्या बेतातली एक अडचण होती. ती तिनं पुढं जन्मभर चालवून घेतली.