भिंतीवरची चुलत भावंडं

“श्श... बसलंय. उडेल.” बोट ओठांवर, मान पुढे आणि नाक आमच्या भिंतीला टेकायला आलेलं. दोन हजार पंधरा-सोळा साली सिंगापूरला, हौगांगच्या आमच्या ब्लॉकमध्ये सकाळी दार उघडलं की तो असा दिसायचा. झाडूवाला यायच्या आत ट्यूबलाइटखाली बसलेले पतंग बघून घ्यायचे, हा त्याचा नेम.

शेजारच्या चिनी आंटीकडे एक खोली घेऊन राहायचा. सांगलीकडचा, विद्यापीठात पोस्टडॉक. असले फ्लॅट तुम्ही पाहिले असतील, बेडरूमची खिडकी थेट सगळ्यांच्या कॉरिडॉरवर उघडते. आमच्या त्या खिडकीआड माझी मुलगी झोपायची. आणि हा बाहेर, फोन उंचावून.

“काम कशावर करता?” मी एकदा फौजदारासारखं विचारलं.

“सिंक्लोरा. उत्तर अमेरिकेतले पतंग, दादा. नखाएवढे, हिरवे. त्यांची अळी पाकळ्यांचे तुकडे पाठीवर चिकटवते. फूल बदललं की वेष बदलते.”

“मग अमेरिकेतले पतंग हौगांगला कसे?”

“ते लॅबमध्ये, पेटीत. ही त्यांची चुलत भावंडं.” तो हसला. मला ते उत्तर जरा जास्तच तयार वाटलं.

“बाबा, ही ओन्ली लुकिंग ॲट मॉथ्स लाह!” मुलगी इथल्या इंग्रजीत म्हणाली, तो फक्त पतंगच बघतो. त्यावर माझा संशय वाढलाच. हिची याच्याशी ओळख कधी झाली?

मग मी आंटीच्या कानावर घातलं. हे आजवर घरातही बोललो नाही. फार काही म्हणालो नव्हतो. रोज सकाळी मुलीच्या खिडकीशी उभा असतो, एवढंच. तेवढं पुरलं. तिनं त्याला रविवारपर्यंत खोली सोडायला सांगितलं. कारण दिलं नाही.

तो माझ्याकडेच आला. “दादा, तुमचं ऐकते ती. जरा शब्द टाका ना. दुसरी खोली शोधताना इंडियन म्हटलं की लोक फोन ठेवतात हो.” बोलता बोलता फोटो दाखवू लागला. करडे, तपकिरी, एखादा हिरवा. सगळे पतंगच. एका फोटोच्या कडेला आमची खिडकी आली होती. बंद, पडदा ओढलेली.

त्या क्षणी मला सगळं कळलं. तरी मी म्हणालो, “बघतो.”

आंटी रोज लिफ्टपाशी भेटायची. एक वाक्य पुरलं असतं. पण ‘सांगितलंस तर तूच!’ असं ती त्याच्यादेखत म्हणाली असती तर? मी ‘गुड मॉर्निंग’ म्हणून लिफ्टचं बटण दाबायचो.

रविवारी बेल वाजली. मी घरातच होतो, दार उघडलं नाही.

“दादा, निघालो! तुम्ही प्रयत्न केलात, थँक यू हं!”

बॅगेची चाकं लिफ्टच्या दिशेनं खडखडत गेली. मुलगी दाराकडे धावली. मी तिचा हात धरून ठेवला.