सात मात्रांची लेव्हल

अमरावतीत मी एका खाजगी क्लासमध्ये गणित शिकवतो आणि उरलेल्या वेळात तालाच्या गेमसाठी लेव्हल बनवतो. गाणं वाजत असतं, वरून गोळे खाली येतात आणि खेळणाऱ्याने ते ठेक्यावर दाबायचे असतात. कोणता गोळा कधी येईल हे ठरवणं म्हणजे लेव्हल बनवणं. लेव्हल बनवणाऱ्यांचा आमचा छोटा व्हॉट्सअ‍ॅप ग्रुप आहे. तिथे माझ्या अभिप्रायाला वजन होतं आणि मला ते आवडायचं.

दोन वर्षांपूर्वी अकोल्यात तबला शिकवणाऱ्या, पन्नाशी ओलांडलेल्या एका बाईंनी आपली पहिली लेव्हल ग्रुपवर पाठवली. तबला त्यांनीच वाजवला होता. सवडीने बघा आणि चुका सांगा, असं त्यांनी मलाच उद्देशून लिहिलं.

पेपर तपासायचे पडले होते. मी अर्धा मिनिट खेळलो आणि नऊ मुद्दे लिहून टाकले. पहिल्या ठोक्यावर गोळा का नाही? मोजणी सरकते, आठ मात्रांत बसवा. शेवटी फार गर्दी होते. शेवट मी पाहिलाच नव्हता. नवख्यांच्या लेव्हलमध्ये तिथे गर्दी असतेच, म्हणून ठोकून दिलं.

चार दिवसांनी त्यांचं उत्तर आलं, एकेका मुद्द्याला धरून. तबला आठ मात्रांत नव्याने वाजवून रेकॉर्ड केला होता. शेवटच्या मुद्द्यापुढे लिहिलं होतं, शेवटी चारच गोळे होते, ते दोन केले, तुमचं म्हणणं मला नीट समजलं नसेल.

फोनमधली जुनी लेव्हल काढून मी पहिल्यांदा पूर्ण खेळलो. तो रूपक ताल होता, सात मात्रांचा. त्यात पहिल्या मात्रेवर जोर नसतो, म्हणून ती जागा त्यांनी जाणूनबुजून रिकामी ठेवली होती. जरा वेळाने माझी बोटं त्या रिकाम्या जागेची वाट पाहू लागली. नवी लेव्हल मात्र चारचौघींसारखी झाली होती. ग्रुपवर कुणीतरी लिहिलं, सरांच्या सूचनांनी छान सुधारली. मी त्यावर अंगठा दिला. त्या अंगठ्याची लाज अजून जात नाही.

पुढच्या आठवड्यात क्लासच्या कामाने अकोल्याला गेलो, तेव्हा फोन करून त्यांच्या घरी पोचलो. त्यांनी चहा ठेवला. मी त्या दिवशी किती काम होतं तिथून सुरुवात केली. त्यांनी मला मध्येच थांबवलं.

"तुमी पुरी खेळलेच नाई, नाई का?"

"नाही," मी म्हणालो.

"मले तेव्हाच वाटलं होतं. मंग म्या कावून बदलवली, तेच मले समजून नाई राहिलं."

रागावल्या असत्या तर सोपं गेलं असतं. जुनी लेव्हल त्यांनी पुसून टाकली होती. माझ्याकडची मी तिथेच बसून पाठवली. त्यांनी ती एकदा खेळून पाहिली आणि चहा गाळला.

परतीच्या बसमध्ये मी ग्रुपवर खरं ते लिहिलं. काहींनी हसऱ्या इमोजी टाकल्या. बाईंनी जुनी लेव्हल परत टाकली.

त्यानंतरची लेव्हल त्यांनी तपासायला परतवाड्याच्या एका कॉलेजातल्या मुलीला दिली. मला विचारलं नाही, आणि ते बरोबरच होतं. ती लेव्हल ग्रुपवर आली तेव्हा इतरांसारखीच मीही ती शेवटपर्यंत खेळलो. अभिप्राय लिहायला घेतला, तो मला कुणी मागितला नव्हता हे आठवलं, आणि खोडला.