गप झालेलं माणूस

“थंय बघू नको रे, थंय सगळेच बघतत,” असं म्हणत तो माझी हनुवटी दोन बोटांत धरायचा आणि तोंड दुसरीकडे वळवायचा. मला भयंकर राग यायचा. गोराईच्या किनाऱ्यावर आम्ही दोघं जीवरक्षक. मी तिथलाच, खाडीत वाढलेला. तो बोरिवलीचा, मूळचा मालवणकडचा, पोहण्यात माझ्या बराच मागे. तरी साहेब नव्या भरतीला शिकायला त्याच्याकडेच पाठवायचे.

तुम्ही किनाऱ्यावर काय बघता? लाटा, घोडागाडी, फुगेवाला. मीही तेच बघायचो. तो पाण्यातलं एकेक डोकं नजरेत धरायचा, जरा थांबायचा, सोडायचा, पुढचं धरायचा. सोडलेल्याकडे लगेच परत वळायचा नाही.

“आरडता तो बुडणा नाय,” म्हणायचा. “जो गप झालो, तो बघ.”

मी गुपचूप नक्कल करून पाहिली. दहा-बारा डोक्यांनंतर माझी नजर घसरायची, एखाद्या रंगीत छत्रीवर, नाहीतर त्याच्यावरच. एकदा त्याच्या बायकोला विचारलं, “वहिनी, घरी पण असाच बघतो का हा?”

“कसलं काय! ताटासमोरचं मीठ दिसत नाही त्याला.”

मला फार बरं वाटलं.

एका रविवारी घोडा उधळला आणि गाडीसकट गर्दीत घुसला. एकच आरडाओरडा. सगळा किनारा तिकडे वळला, मीही निघालो, तेवढ्यात हनुवटीला बोटं लागली.

“निळ्या फ्रॉकातला चेडू. गप झाला. धाव!”

छातीभर पाण्यात एक मुलगी, मान मागे टाकलेली, तोंड उघडं, आवाज नाही. आजूबाजूचे सगळे घोडा बघत होते. मी झेप घेतली. तो मागून पोचेपर्यंत मी तिला वाळूवर आणलं होतं. ती खोकली, मग रडली.

तिची आई माझ्या पाया पडली. फोटो माझे निघाले. गावात माझा सत्कार झाला, त्यात सगळ्यात जोरात टाळ्या त्याच्या. मी माईकवर सांगितलं, “बघितलं यानं. मी नुसता पोहलो.” लोकांना तो माझा विनय वाटला. तेव्हापासून माझी जळजळ वाढलीच. माझं पोहणं सगळ्यांना दिसलं होतं. त्याचं बघणं मला एकट्याला दिसलं होतं, आणि ते मला येत नव्हतं.

गेल्या वर्षी त्याला काचबिंदू निघाला. कडेचं दिसेना. त्यानं स्वतःच जाऊन साहेबांना सांगितलं आणि काम सोडलं.

“कुणाला कळलं पण नसतं रे,” मी म्हटलं.

“माका कळला ना.”

शेवटच्या दिवशी दुपारी त्याला फेरीबोटीपर्यंत सोडायला गेलो. बोटीत कुणीतरी गाणी लावली होती, पोरं खिदळत होती. तो बाकावर बसला, कठड्याला डोकं टेकलं आणि बोट सुटायच्या आत झोपला. इतक्या वर्षांत त्याचे मिटलेले डोळे मी पहिल्यांदा बघितले. पाणी अगदी हाताशी होतं आणि तो बिनघोर घोरत होता.

बोट खाडीत लांब गेली. मला त्या झोपेचासुद्धा हेवा वाटला.